हातोड्याखालची मोटार



कामगार चळवळीत उभा जन्म घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत महागड्या परदेशी मोटारींच्या लिलावावर बोलावे, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संप, बोनस, ग्रॅच्युइटी हे आमचे विषय. फेरारी आणि बुगाटी यांच्याशी आमचा संबंध रस्ता ओलांडताना अंग चोरण्यापुरता. परंतु लिलाव ही गोष्ट आमच्या चांगलीच परिचयाची आहे. पवई, साकीनाका, कुर्ला, विक्रोळी, भांडुप या टापूत गेल्या तीस वर्षांत जे कारखाने बंद पडले, त्यांतील कित्येकांच्या यंत्रांचे लिलाव आम्ही फाटकाशी उभे राहून पाहिले आहेत. लेथ किती बिनचूक चालतो हे तेथे कोणी विचारीत नाही. वजन किती भरेल एवढेच विचारतात. ज्या यंत्रावर एखाद्याने वीस वर्षे हात बसविला, ते किलोच्या भावाने ट्रकात चढते, आणि ज्याचा हात बसला होता तो फाटकाबाहेर बिडी ओढीत उभा असतो.

हल्ली मात्र पवईतील आमच्या तरुण मित्रांच्या हातातील पडद्यावर निराळाच लिलाव दिसतो. झगमगीत मंच, हजारो प्रेक्षक, साठसत्तर वर्षांपूर्वीची लाल मोटार हळूहळू पुढे सरकते आहे, पुकारणारा दम न घेता बोलतो आहे, आणि आकडा हजारांतून लाखांत, लाखांतून दशलक्षांत उड्या मारीत चालला आहे. एकीकडे जुने झाले म्हणून भंगार, दुसरीकडे जुने झाले म्हणून सोने! हा फरक कशाने पडतो, आणि हातोडा पडल्यावर पैसा कोणाच्या पदरात जातो, हे दोन प्रश्न घेऊन आम्ही या इतिहासात शिरलो. जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम या लिलावाचा कारभार. मोटारीचा धनी आपली गाडी लिलावघराच्या स्वाधीन करतो. लिलावघर तिची तपासणी करते, छायाचित्रे काढते, छापील कॅटलॉगमध्ये तिची हकिकत देते. धनी आपली राखीव किंमत सांगतो. बोली तेथवर चढली नाही तर गाडी परत. काही लिलावघरे मात्र राखीव किंमत ठेवूच देत नाहीत. मग जी शेवटची बोली ती किंमत. धन्याच्या छातीत धडकी भरते आणि प्रेक्षकांस रंगत येते. विकणारा दलाली देतो, घेणाराही हातोड्याच्या किमतीवर दहा टक्क्यांच्या आसपास आणखी भरतो. म्हणजे विकणाऱ्याचे काहीही होवो, लिलावघराचे दोन्ही हात तुपात.

अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातील स्कॉट्सडेल गावी बॅरेट आणि जॅक्सन या दोघांनी आपला पहिला लिलाव १९७१ साली भरविला. जुन्या मोटारींचे शौकीन तेव्हाही होतेच, पण हा हौशी मंडळींचा आपसांतला व्यवहार होता. १९९० नंतर केबल दूरचित्रवाणीने हा बाजार घरोघर नेला. कॅमेरा आला आणि लिलावाची चालच बदलली. एकेका गाडीला दोनतीन मिनिटे. मोलाच्या गाड्या प्रेक्षक जास्त असतील अशा वेळी मंचावर यावयाच्या. बोली देणाऱ्याच्या कानाशी लागून त्याला चढविणारे मदतनीस मैदानात फिरावयाचे. ज्याने घरी बायकोला अमुक आकड्यापलीकडे जाणार नाही असे वचन दिलेले असते, तो सगळा देश पाहत असताना हात खाली घेईनासा होतो. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आहेराची यादी मोठ्याने वाचून दाखवीत, त्यातलाच हा प्रकार.

यात एक गंमत आहे. या धामधुमीच्या लिलावात अमेरिकन गाड्या झपाट्याने खपतात, कारण त्यांची ओळख प्रेक्षकाला बालपणापासून असते. युरोपातील जुनी स्पोर्ट्‌स मोटार विकणारा मात्र पुष्कळदा शांत, कॅटलॉगवर चालणारा लिलाव पसंत करतो. कारण तिची किंमत जितकी पत्र्यात तितकीच कागदांत असते. चासिसचा क्रमांक कोणता, इंजिन मूळचेच की मागाहून बसविलेले, पहिला मालक कोण, दुसरा कोण, कोणत्या शर्यतीत कोणी चालविली, अपघात झाला तर दुरुस्ती कोठे झाली, हे सारे पुराव्यासह लागते. त्या फायली चाळताना आम्हांस आपल्या तलाठ्याची आठवण झाली. हा मोटारीचा सात-बाराच म्हणावयाचा! फक्त एक फरक. आपल्या उताऱ्यात सात म्हणजे मालकीची नोंद आणि बारा म्हणजे पिकाची. जमीन कोण कसतो याचाही त्या दप्तरात माग लागत असे, आणि त्या एका रकान्यावर आपल्याकडे कुळांच्या पिढ्या झगडल्या. मोटारीला नुसता सात आहे, बारा नाही. ती कोणाची होती याची बारीकसारीक नोंद सापडते. ती कोणी घडविली याचा रकाना बहुधा कोराच.

हा कोरा रकाना भरावयाचा म्हटले तर मजकुराला तोटा नाही. बुगाटीचे उदाहरण घेऊ. एत्तोरे बुगाटी हा जन्माने इटालियन, कारखाना अल्सासमधील मोल्सहाइम येथे. त्याने राजेमहाराजांसाठी म्हणून ‘रोयाल’ नावाची अजस्र मोटार काढली. तेवढ्यात जागतिक मंदी आली, आणि राज्यावर असलेल्या एकाही राजाने ती घेतली नाही. उण्यापुऱ्या सहा गाड्या झाल्या. उरलेली इंजिने फ्रेंच रेल्वेच्या डब्यांत बसविली गेली आणि त्या रेल्वेच्या कामावरच कारखाना तगला, म्हणजे राजांसाठी काढलेले इंजिन अखेर रेल्वेच्या उतारूंच्या कामी आले. १९३६ साली फ्रान्सभर संपांची लाट उठली तेव्हा मोल्सहाइमचे कामगारही संपावर गेले. बुगाटी आपल्या कामगारांना घरच्या माणसांसारखे मानीत असे, निदान त्याची तशी समजूत होती. संपकऱ्यांनी त्यालाच आत येऊ दिले नाही. हे त्याच्या मनाला इतके लागले की कारखाना मुलावर सोपवून तो पॅरिसला जाऊन राहिला. आम्ही आपल्याकडचे असे कितीतरी ‘घरच्यासारखे’ मालक पाहिले आहेत. पगारवाढ मागेपर्यंतच कामगार घरचा असतो.

महायुद्धानंतर बुगाटी घराण्याने या सहांपैकी दोन गाड्या एका अमेरिकन शौकिनाला थोडी रोकड आणि दोन नवे रेफ्रिजरेटर घेऊन दिल्या, असे सांगतात. त्यांतलीच एक १९८७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावाला आली आणि ५५ लाख पौंडांना गेली. गाड्यांचे मोल पाहून जगाने त्या दिवशी तोंडात बोट घातले. पुढे तो आकडाही किरकोळ ठरला. १९६२ ते १९६४ या काळात फेरारीने २५० जीटीओ या जातीच्या ३६ गाड्या काढल्या होत्या. त्यांतील एक २०१८ साली कॅलिफोर्नियात ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली.

फेरारीच्या त्या काळच्या कित्येक मोटारींचे अंग ज्याच्या कारखान्यात ठोकून घडविले गेले, तो सेर्जिओ स्काल्येत्ती मोदेना गावचा. पोरवयातच उमेदवारीला लागलेला, पत्रा ठोकता ठोकता कारागीर झालेला. वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून डोळ्यांच्या अंदाजाने तो आकार काढीत असे. आमच्या कुर्ल्याच्या पत्रेवाल्यांना हे वर्णन अनोळखी वाटणार नाही. त्याचे नाव तरी टिकले, कारण तो पुढे कारखानदार झाला. त्याच्या हाताखालचे हातोडे कोणाचे, ते आज लिलावात कोणी पुकारीत नाही.

त्याच मोदेनात मासेरातीचा कारखाना. १९३७ साली तो ओर्सी घराण्याने घेतला व पुढे मोदेनास आणला. याच घराण्याची तेथे एक ओतशाळा होती. १९५० च्या ९ जानेवारीला या ओतशाळेतील टाळेबंदीविरुद्ध कामगार दाराशी जमले असता पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा कामगार ठार झाले. इटलीच्या कामगार चळवळीत मोदेनाची ती तारीख आजही पाळली जाते. त्या वर्षांतली मासेराती आज लिलावात लाखो डॉलरना जाते. आम्ही जी कॅटलॉगे पाहिली त्यांत कोणत्या सरदारपुत्राने ती कोणत्या डोंगरी शर्यतीत हाकली ते होते. ९ जानेवारीचा उल्लेख आम्हांस कोठे आढळला नाही.

एक अपवाद नमूद केला पाहिजे. २०२२ च्या मे महिन्यात स्टुटगार्टला मर्सिडीज कंपनीच्या संग्रहालयात १९५५ सालची एक मोटार निमंत्रितांच्या बंद लिलावात १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. तशा दोनच गाड्या बनल्या होत्या. आजपर्यंत लिलावात मोटारीला इतकी किंमत कधी आली नव्हती. ती ओळखली जाते ऊलेनहाउट या नावाने, आणि हा ऊलेनहाउट कोणी संस्थानिक नव्हे, कंपनीच्या चाचणी विभागाचा प्रमुख अभियंता. विकणारी कंपनी स्वतःच, आणि आलेला पैसा तरुणांच्या शिक्षणनिधीसाठी. कॅमेऱ्यापुढची आरडाओरड नाही. बाराच्या रकान्यात निदान एक नाव पडले, ते साहेबाचे का असेना.

आता आपल्या घराकडे वळू. युरोपीय मोटारींचा विषय निघाला की संस्थानिकांना वगळून चालत नाही, आणि मराठी माणसाला तर इंदूरच्या होळकरांना वगळताच येत नाही. दुसरे यशवंतराव होळकर हे युरोपात शिकलेले, आधुनिक अभिरुचीचे. १९२६ पासून संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत ते गादीवर होते. माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेझिउस याजकडून नव्या धर्तीवर सजवून घेतला. मोटारींचा षोक असाच. त्यांच्या गाड्यांपैकी सर्वांत गाजलेली ड्यूझेनबर्ग. सांगाडा व इंजिन अमेरिकेचे, अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचे, रंग होळकरांचा केशरी आणि काळा. इंजिनाची शक्ती ३२० घोड्यांची, असा बनविणाऱ्यांचा दावा होता. गाडीत महाराज आहेत की नाहीत हे पोलिसांना लांबून कळावे म्हणून पुढे रंगीत दिवे होते, असेही सांगतात. यशवंतराव १९६१ साली निवर्तले. ही ड्यूझेनबर्ग अमेरिकेत गेली, आणि माणिकबागेतील सामानाचा लिलाव १९८० साली मोनाको येथे झाला.

होळकरांच्याच नव्हे, साऱ्या हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या गाड्या १९५० ते १९७० च्या दरम्यान अशाच ओघळत परदेशी गेल्या. तनखा अपुरा, पेट्रोल महाग, सुटे भाग मिळेनात, आणि तबेल्यात उभ्या असलेल्या गाडीचे येथे कोणाला मोल नाही. परदेशी दलाल येत, किरकोळ रकमेला गाड्या उचलून बोटीवर चढवीत. १९७१ च्या डिसेंबरात २६ व्या घटनादुरुस्तीने तनखेच बंद झाले. ज्या वर्षी स्कॉट्सडेलला पहिला लिलाव पुकारला गेला तेच हे वर्ष. एकीकडे दुकान उघडले, दुसरीकडे माल सुटला. पुढे १९७२ च्या सुमारास जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यास बंदी आली तेव्हा पुष्कळशा निघून गेल्या होत्या. संस्थानिकांचे तनखे गेले याचे आम्हांस दुःख नाही, ते जावयासच हवे होते. गाड्या रयतेच्या पैशाने आल्या होत्या आणि गेल्या तेव्हा रयतेला दमडी मिळाली नाही, एवढीच आमची तक्रार.

कोणी म्हणेल, रयतेचा आणि मोटारीचा हा संबंध ओढूनताणून आणलेला आहे. त्याने त्याच इंदूर शहरातील हुकुमचंद मिलची कथा ऐकावी. ही कापडगिरणी १९९१ च्या १२ डिसेंबरला बंद पडली. ५,८९५ कामगार रस्त्यावर आले. २००७ साली उच्च न्यायालयाने त्यांचे देणे २२९ कोटी रुपये ठरविले. देणे ठरले, पण द्यावयाचे कशातून? गिरणीच्या जमिनीतून. जमिनीचे लिलाव पुकारले गेले, गिऱ्हाईक उभे राहीना. कामगार दर आठवड्याला गिरणीच्या आवारात जमत, आपापसांत हिशेब करीत, आणि दरवर्षी त्यांतले काही कमी होत. अखेर जमीन सरकारी गृहनिर्माण मंडळाने घेतली, आणि २०२३ च्या २५ डिसेंबरला २२४ कोटींचा धनादेश निघाला. ४,८०० कामगार वा त्यांचे वारस यांना तो वाटावयाचा होता. बत्तीस वर्षे! महाराजांच्या मोटारीचे मोल या बत्तीस वर्षांत चढत गेले. कामगाराच्या पगाराच्या थकबाकीचे मोल तितक्याच वेगाने उतरत गेले. जुने झाल्याने सोने होते ते वस्तूचे, मजुरीचे नव्हे.

मुंबईत परदेशी मोटारींची जाहीर विक्री आमच्या पिढीने पाहिली ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनची. हे महामंडळ १९५६ साली स्थापन झाले. आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे वकिलातींतील व परदेशी पाहुण्यांनी आणलेल्या गाड्या जाताना या महामंडळाकडे यावयाच्या, आणि ते बोली मागवून त्या विकावयाचे. अंबॅसॅडर आणि फियाटच्या त्या युगात एखादी मर्सिडीज मिळविण्याचा सरळ मार्ग तोच. १९९१ नंतर आयातीचे दरवाजे किलकिले झाले, मग उघडले, आणि ती रांग संपली. फेरारी, पोर्श, लाम्बोर्गिनी आता मुंबईत दुकानात मिळतात. पवईच्या तलावाकाठी रविवारी सकाळी त्यांचा आवाज ऐकू येतो.

आणि म्हणूनच पुढचा लिलाव शक्य झाला. या लिलावांत माल आला तो कर्जबुडव्यांच्या गॅरेजांतून.

किंगफिशर ही विमान कंपनी २०१२ च्या ऑक्टोबरात बंद पडली. तिचे मुख्य कार्यालय आमच्याच उपनगरात, विलेपार्ल्यास विमानतळाजवळ. वैमानिकांपासून सामान चढविणाऱ्यांपर्यंत सर्वांचे पगार त्यापूर्वीच महिनेन्‌ महिने थकले होते. बँकांनी कर्जवसुलीसाठी त्या इमारतीचा लिलाव २०१६ च्या मार्चमध्ये पुकारला. किमान किंमत १५० कोटी. एकही बोली आली नाही. मग किंमत उतरवीत उतरवीत पुन्हा पुन्हा पुकारला, आणि २०२१ साली ती ५२ कोटी २५ लाखांना गेली. कंपनीचे मालक विजय मल्ल्या तोपर्यंत लंडनला होते. तेथील न्यायालयाने २०१८ च्या अखेरीस त्यांच्या सहा मोटारी विकण्याची परवानगी दिली. त्यांत फेरारीच्या दोन, एक एफ-४३० स्पायडर आणि एक एफ-५१२ एम, शिवाय एक पोर्श. सहा मिळून किंमत ४ लाख ४ हजार पौंडांच्या खाली जाऊ नये, असा हुकूम होता. हजारो कोटींच्या कर्जापुढे ही रक्कम म्हणजे समुद्रात चूळ भरण्यासारखी. पण वृत्तपत्रांनी इमारतीपेक्षा मोटारींनाच जास्त जागा दिली, आणि गाड्यांवर मालकाच्या आद्याक्षरांचे नंबर होते हेही साग्रसंगीत छापले.

दुसरा लिलाव मुंबईतच. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेचा घोटाळा २०१८ च्या आरंभी उघडकीस आला. नीरव मोदी व मेहुल चोक्सी हे त्यातील मुख्य आरोपी, दोघेही देशाबाहेर. हिऱ्यांच्या त्यांच्या पेढ्या आणि कारखाने बंद पडले, कारागीर घरी बसले. न्यायालयाच्या परवानगीने सक्तवसुली संचालनालयाने २०१९ च्या २५ एप्रिलला त्यांच्या १३ मोटारी लिलावाला काढल्या. रोल्स-रॉइस घोस्टची किमान किंमत सुमारे १ कोटी ३३ लाख, पोर्श पानामेराची ५४ लाखांच्या आसपास. गिऱ्हाइकांनी गाड्या येऊन पाहाव्यात, पण चालवून पाहण्याची मुभा नाही. विक्री झाली ती इंटरनेटवरून, आणि विकणारी संस्था होती एमएसटीसी. हे नाव आमच्या ओळखीचे आहे. लोखंडाच्या भंगाराचा व्यापार करण्यासाठी १९६४ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. बंद कारखान्यांची यंत्रे, रेल्वेचे जुने रूळ, सरकारी कचेऱ्यांतील मोडक्या जीपा हा तिचा नेहमीचा माल. ‘जेथे आहे तेथे, जसे आहे तसे’ ही तिची अट कामगारवस्तीत पाठ आहे. त्या यादीत पोर्श जाऊन बसली तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने पुसले, ‘किलोचा भाव काय लावलाय?’

पुढे २०२० च्या मार्चमध्ये मुंबईच्या सॅफ्रनआर्ट या लिलावगृहाने नीरव मोदीचा उरलेला ऐवज विक्रीस काढला. त्यात अमृता शेरगिल व हुसेन यांची चित्रे होती, घड्याळे होती, बायकांच्या हातातील पिशव्या होत्या, आणि रोल्स-रॉइस घोस्ट व पोर्श पानामेराही होत्या. भंगाराच्या यादीतून निघालेली गाडी आता शेरगिलच्या पंक्तीला बसली. दूरचित्रवाणीच्या बातम्यांत दिवसभर तेच दृश्य. स्कॉट्सडेलच्या मंचावर मोटारीला थोर मालकाची वंशावळ भाव आणते. आपल्याकडे पळालेल्या मालकाची कुप्रसिद्धीही गर्दी खेचते. रकाना तोच, सात.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. पूर्वी एखादी कंपनी बुडाली की गहाणदार आधी आपले काढून घेई, मग सरकार आपला कर, आणि तळाशी काही उरले तर कामगार. बहुधा उरत नसे. १९८५ साली कंपनी कायद्यात ५२९-अ हे कलम घातले गेले आणि कामगारांचे देणे गहाणदार बँकांच्या बरोबरीला आले. हे कलम कोणी मेहरबानीने दिले नाही. बंद गिरण्यांच्या दारांवर त्याची किंमत आधी चुकती झाली होती. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही बरोबरी ठेवली, परंतु कामगारांच्या थकबाकीला २४ महिन्यांची मर्यादा घातली. प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटी मात्र लिलावाच्या पैशाबाहेर, स्वतंत्र मानली. आम्ही सभांतून हे कलम पाठ करून घेतो. कारण लिलाव पाहावयास लोक गर्दी करतात, आणि वाटपाच्या तारखेला कोर्टात कोणी नसते.

गुन्ह्यात जप्त झालेल्या मालमत्तेची वाट आणखी निराळी. ती आधी सरकारजमा होते, आणि मग ज्यांचा कायदेशीर हक्क शाबीत होईल त्यांना परत मिळते. बँकांजवळ वकील आहेत. त्यांचा हक्क लवकर शाबीत होतो. मल्ल्यांच्या मालमत्तेतून बँकांना १४ हजार कोटींहून अधिक रक्कम परत मिळाल्याचे सरकारने २०२४ च्या डिसेंबरात संसदेत सांगितले. किंगफिशरच्या नोकरांसाठी सुमारे ३१२ कोटी रुपये मोकळे होण्यास २०२५ चा डिसेंबर उजाडला. तेरा वर्षे. इंदूरच्या बत्तिसांपुढे तेरा कमीच, प्रगती म्हणावी!

शेवटी कुर्ल्याकडे येतो. पवईहून साकीनाका ओलांडून दक्षिणेला उतरले की जेथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता ती जागा लागते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली. १९४७ साली कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली. आरंभी डॉज आणि प्लिमथ, मग १९५४ पासून फियाट ११००. म्हणजे इटलीची मोटार, तोरिनोच्या नकाशावरून, पण कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी जोडलेली. पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. याच कारखान्यात मोटारी जोडणाऱ्या खात्यातील उत्पादन-बोनसवरून दोन युनियनांत तंटा झाला, काही कामगार दिवाणी न्यायालयात गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले. १९७५ चा तो निकाल औद्योगिक कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे: औद्योगिक विवाद कायद्यानेच निर्माण केलेला हक्क असेल तर दाद त्या कायद्याखालीच मागावी, दिवाणी न्यायालयात नव्हे. निकाल कामगारांच्या विरुद्ध गेला. पण त्या खटल्याच्या शीर्षकात कंपनीच्या नावासमोर एका साध्या कामगाराचे पूर्ण मराठी नाव, बापाच्या नावासह, छापलेले आहे. वकिलीचे विद्यार्थी देशभर ते पाठ करतात. मोटारीच्या सात-बाऱ्यातला बाराचा रकाना आम्हांस एवढ्या एका ठिकाणी भरलेला दिसला.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत. काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती रस्त्यावर राहिली, पण मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, आणि २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. त्याआधी दोनच वर्षे, २०२१ साली, केंद्र सरकारने नियम केला होता की ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी व निराळा नंबर मिळेल. मात्र ती धंद्याला लावता येणार नाही. अर्थ सरळ आहे. जी गाडी कोणाच्या गॅरेजात उभी राहिली ती पन्नाशीला वारसा झाली, आणि जी रोज चार पोटे भरत फिरली ती विसाव्या वर्षी भंगारात गेली.

टॅक्सीवाल्यांच्या युनियनने सरकारकडे अर्ज केला होता. निदान एक पद्मिनी जतन करून ठेवावी, एवढीच त्यांची मागणी होती.